अठरा पट्ट्यांचा गेंद

रंगुबाईच्या दहाव्याला गावकऱ्यांनी सूर्यभान गुरुजींना दोन शब्द बोलायला उभं केलं. गुरुजी उभे राहिले, उपरण्यानं तोंड पुसलं, समोरच्या बायाबापड्यांकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून आलं नव्हतं असं नाही. पण बसायचं कारण दुसरं होतं. तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या बाईचं माहेर कोणतं, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. समोर शेवगावकडून आलेला तिचा भाऊ बसला होता. तिला भाऊ आहे, हे गुरुजींना त्या सकाळी कळलं होतं.

आठ वर्षं ती त्यांच्या शाळेत खिचडी शिजवत होती. ते निवृत्त झाल्यावरची चौदा वर्षं ती त्यांच्या घरावरून रोज पाण्याला जात होती. एवढ्या काळात खिचडीत मीठ कमी पडलं, तांदळाचं पोतं आत घ्या, आणि यंदा पाऊस काही खरा दिसत नाही, याखेरीज ते तिच्याशी काही बोलले असतील तर त्यांना आठवत नव्हतं. शेवटचा महिना सोडून. त्या महिन्याचं मात्र सगळं आठवत होतं, आणि ते दहाव्याच्या मांडवात सांगण्यासारखं नव्हतं.

बोरवाडी हे पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. रंगुबाई नवऱ्याबरोबर सव्वीस हंगाम ऊस तोडायला गेली. नवरा वारल्यावरही गेली. त्या सत्ताविसाव्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिचा पाय घसरला आणि उजवा गुडघा कायमचा गेला. पुढं शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती, ते काम तिला मिळालं. तिला एकच मुलगी, सविता. तीही लग्नानंतर तोडीला जाऊ लागली आणि नंतर नवऱ्याबरोबर बारामतीकडेच राहिली.

आणि रंगुबाई गेंद विणायची.

तोडीवरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, लेकरांना खेळायला काही नसतं, म्हणून बाया उसाच्या पाल्याचं काहीबाही विणून देतात. रंगुबाई पाल्याचा गोल गेंद विणायची. पाला वाळला की तो मोडायचा, म्हणून गावी आल्यावर ती कागदाचा विणायला लागली. कागदाच्या सहा लांब पट्ट्या घ्यायच्या. एक पट्टी दुसरीच्या वरून आणि तिसरीच्या खालून, अशा फिरवत फिरवत तिच्या मांडीवर आधी पसरट चांदणी व्हायची, मग चांदणीची वाटी, आणि बघता बघता वाटीचं तोंड मिटून गेंद. डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही. पट्टीचं टोक तिच्याच पोटाखाली खुपसायचं. तोंड मिटायच्या आधी आत एक सागरगोटा टाकायचा, म्हणजे गेंद हलला की वाजायचा. गावात कुणाकडे पाळणा हलला की बाराव्या दिवशी त्यावर रंगुबाईचा गेंद टांगायचा, अशी रीतच पडून गेली होती. लेकरू पाळण्यातून उतरलं तरी गेंद कुणी टाकत नसे. आढ्याला नाहीतर देवाजवळच्या खुंटीला अडकवून ठेवत.

गुरुजी गणित शिकवायचे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी तिच्या हातातला गेंद घेऊन उलटापालटा केला. पट्ट्यांच्या मधे भोकं राहिली होती आणि प्रत्येक भोक पाच कोनांचं होतं. ते बोट ठेवून मोजायला लागले.

“बारा हायत,” रंगुबाई भात ढवळता ढवळता म्हणाली.

“काय बारा?”

“डोळे. गेंदाला बारा डोळे. अकरा झाले तर समजायचं हात कुटंतरी चुकला. तेरा तर व्हतच न्हाईत.”

“कुणी शिकवलं हे?”

“कोन शिकविनार? करता करता हाताला कळतंय.”

त्या दिवशी घरी जाऊन गुरुजींनी तो आकार कागदावर काढून पाहिला. जमला नाही. त्यांनी कागद चुरगळून टाकला आणि गेंदाबद्दल तिला पुन्हा काही विचारलं नाही. गणिताच्या मास्तराला एवढं काढता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली होती.

कागद तिला शाळेतूनच मिळायचा. जुन्या हजेऱ्या, भरलेल्या वह्या, फाटके नकाशे. आणि एका वर्षी शाळेचं सगळ्यात जुनं जनरल रजिस्टर.

ते असं झालं. शाळेचं छप्पर गळत होतं आणि कपाटाला वाळवी लागली होती. स्वातंत्र्याच्या काळातलं ते रजिस्टर मोडकळीला आलं होतं, म्हणून गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत ते नव्या वहीत उतरून काढायला घेतलं. त्या रजिस्टरात एका मुलाची नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर एका ओळीत असे. डाव्या पानावर नाव आणि जात, उजव्या पानावर जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. मधेच एका ठिकाणी अशी समोरासमोरची दोन पानं वाळवीच्या मातीनं आणि पाण्यानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. गुरुजींनी नखानं सोडवून पाहिली. कोपरा फाटायला लागला तसा त्यांनी हात काढून घेतला. नंतर बघू म्हणाले आणि पुढचं पान उतरवायला घेतलं.

रजिस्टर उतरवून झालं. शिवण सुटलेली जुनी पानं टेबलावर पडली होती. रंगुबाई तांदूळ न्यायला आत आली.

“गुर्जी, हे जाळनार का? मला द्या. जुना कागद लई चिवट असतोय.”

“न्या. सगळं उतरून घेतलंय,” गुरुजी म्हणाले.

त्या क्षणी चिकटलेली पानं आपल्याला आठवली होती की नव्हती, हे त्यांना पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. आठवली नव्हती असं ते स्वतःला सांगत. वीस वर्षं त्यात काही अडलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात अजिनाथ पालवे आपल्या मुलीला घेऊन गुरुजींच्या ओट्यावर आला. अजिनाथ त्यांचाच विद्यार्थी, टेम्पो चालवतो. मुलगी ज्ञानेश्वरी बारावीला चांगली निघाली होती आणि नगरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पण जातीचा दाखला पडताळून आणायचा होता, आणि त्याला सन एकसष्टच्या आधीची नोंद लागत होती.

“हिच्या आज्याची नोंद पासष्टची हाय, ती चालत न्हाई म्हनत्यात,” अजिनाथ म्हणाला. “पंजोबा शाळेत गेल्ते. यादव भिवा पालवे. चार वर्सं शिकल्यालं, आमच्या घरात समद्यांना ठावं हाय. पन शाळेतल्या वहीत त्येंचं नावच न्हाई, गुर्जी.”

“बघितलंत नीट?”

“मी बघितलं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “गुरुजी, त्या वहीत दोनशे बारा नंबरनंतर एकदम दोनशे एकतीस आहे. मधली अठरा मुलं कुठं गेली?”

वही गुरुजींच्या अक्षरातली होती.

“ज्यावरून उतरवलं ते जुनं रजिस्टर कुठं आहे?” पोरीनं पुन्हा विचारलं.

“जुनं?” गुरुजी म्हणाले, “ते वाळवीनं खाल्लं.”

छत्तीस वर्षं शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेला माणूस. अजिनाथनं मान हलवली, पाया पडला आणि पोरीला घेऊन गेला. महिनाअखेर दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई पाण्याची कळशी त्यांच्या ओट्यावर टेकवून उभी राहिली.

“गुर्जी, तुमी वाळवीचं नाव घेतलं म्हनं.”

गुरुजींनी हातातल्या पेपरची घडी घातली.

“त्या बिचाऱ्या किड्याला कशापायी बदनाम करता? म्या खाल्लं ते.”

“दिलं मी,” गुरुजी म्हणाले.

“मागितलं कुनी?” तिनं दुखरा गुडघा धरून ओट्यावर बसकण मारली. “आता कोन दिलं आन् कोन घेतलं, ह्ये सोडा. कागद काय गावाबाहीर गेला न्हाई. पाळन्या-पाळन्यावर टांगलाय. सोडवून बघू की.”

“एवढे गेंद सोडवायचे?”

“मंग काय करता? पोरगीचं वरीस जातंय.”

अजिनाथला तिनंच जाऊन सांगितलं. तो संध्याकाळी गुरुजींकडे आला, पण ओट्यावर चढला नाही. खालूनच म्हणाला, “गुर्जी, मला खोटं कशाला सांगितलं? म्या काय तुमाला खाल्लं असतं का?” गुरुजींना वाटलं, त्यानं ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात गेंद गोळा झाले. कुणी पिशवीतून आणले, कुणी टोपलीतून. कुणाचे धुरानं काळे पडलेले, कुणाचे उंदरांनी कुरतडलेले. एकतीस भरले. रंगुबाई पाय लांब करून भिंतीला टेकून बसली, शेजारी गुरुजी चष्मा लावून. एका तरण्या पोरानं वेळ वाचवायला म्हणून खिशातलं ब्लेड काढलं, तशी ती कडाडली.

“खबरदार! कापला तर नाव कापंल. आना हिकडं. टोक कुटं खुपसलंय ते मला ठावं हाय.”

तिला खरंच ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी विणलेला गेंद ती हातात घेई, एकदा फिरवी आणि एका जागी नख घाली. टोक बाहेर येई. मग उलट्या वाटेनं हात चाले आणि गेंदाची वाटी होई, वाटीची चांदणी, आणि चांदणीच्या सहा पट्ट्या. सागरगोटा टोपल्यात पडे. पट्ट्या गुरुजींकडे येत. बऱ्याच गेंदांत हजेरीचे आणि वर्तमानपत्राचे कागद निघाले. पण रजिस्टराची पट्टी आली की गुरुजी थक्क होत. एकाही पट्टीत नाव तुटलेलं नव्हतं.

“तुम्ही बरोबर ओळीवरच कशा कापल्यात?”

“रेघा मारल्याल्या हुत्या की. कातरीला आयती वाट. मला कुटं वाचता येतंय! म्हनलं, रेघ सरळ हाय तर पट्टी सरळ येईल.”

अक्षर न येणाऱ्या बाईनं एकेक पोरगं अख्खं कापलं होतं. गुरुजी मोठ्यानं वाचू लागले, “बडे नामदेव रावजी.”

“आमचं आजं!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “तरीच! आजं निजत्यात दगडाबाईच्या नातवाच्या पाळन्यावर!”

म्हातारी दगडाबाई पुढंच बसली होती. ती म्हणाली, “तरीच माजा नातू झोपत नव्हता. तुज्या आज्याचं घोरणं काय कमी हुतं का?”

व्हरांडा हसला. दुपारपर्यंत जत्रेसारखं झालं. ज्याचं नाव निघे तो आपली पट्टी मागून घेई, मोबाईलनं फोटो काढी आणि पिशवीत घालून जपून ठेवी. कुणी पणजोबाच्या जन्मतारखेवरून वाद घातला. ज्ञानेश्वरी एका बाजूला वहीत नंबर टिपत बसली होती. शंभर, एकशे ऐंशी, दोनशे सात, दोनशे चाळीस. प्रत्येक पट्टीला ती मान वर करी आणि पुन्हा खाली घाली.

उन्हं कलली तेव्हा एकतिसावा गेंद सुटला. दोनशे तेरा ते दोनशे तीस यांतला एकही नंबर निघाला नव्हता. लोक कपडे झटकत उठले. व्हरांड्यात वळलेल्या, घड्या पडलेल्या पट्ट्यांचा ढीग राहिला. रंगुबाई त्या ढिगाकडे बघत होती. इतकी माणसं आली, इतकी गेली. माझा गेंद परत विणून द्या, असं एकानंही म्हटलं नाही. गुरुजींच्या हे लक्षात आलं आणि आपणही म्हटलं नाही, हेही लक्षात आलं.

ती सागरगोटे पदरात भरत असताना गुरुजींनी हळूच विचारलं, “रंगुबाई, त्या कागदांत दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. जाड. पुठ्ठ्यासारखी झाली होती. तुम्हाला आठवतात का? नंबर त्यातच असणार.”

“न्हाई बा,” ती सागरगोट्यांकडे बघत म्हणाली. “इतक्या वर्सांचं कुटं ध्यानात ऱ्हातंय.”

पाठ न केलेलं पोरगं असंच फरशीकडे बघत बोलतं. गुरुजींना ते ओळखू आलं. वीस वर्षांपूर्वी विणलेल्या गेंदाचं टोक पहिल्या नखाला सापडणारी बाई जाड कागद विसरेल कशी? पण आदल्याच आठवड्यात ते स्वतः वाळवीच्या मागं लपले होते. तिला खोटी ठरवायला त्यांना तोंड नव्हतं.

बारा दिवस गेले. गुरुजी रोज सकाळी ठरवत की आज विचारायचं, आणि ती कळशी घेऊन समोरून जाताना पेपर तोंडापुढं धरत. अजिनाथ दोनदा पाथर्डीला आणि एकदा नगरला हेलपाटा घालून आला. त्यानं जुन्या कागदांसाठी तहसीलही पालथी घातली; काही हाती लागलं नाही. मग एके दिवशी नळावर बायांमध्ये बोलणं निघालं. ज्ञानेश्वरीनं आईला सांगितलं होतं की यंदा दसऱ्यानंतर मावशीबरोबर मीही तोडीला जाते, घरात बसून काय करू. पुस्तकं तिनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती. गुरुजींच्या सुनेनं हे नळावर ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. रंगुबाई तेव्हा नळावरच होती. भरलेली कळशी तिथंच ठेवून ती लंगडत घरी गेली, असंही सून म्हणाली.

तासाभरात रंगुबाई गुरुजींच्या दारात. काखेत फडक्याचं गाठोडं.

“सूनबाई, भाताचं मोठं पातेलं ठेव चुलीवर. पानीच ठेव नुसतं. वाफ पायजे.”

मग ती ओट्यावर बसली आणि गाठोडं सोडलं. आत गेंद होता. नेहमीचा नव्हे. नेहमीच्या गेंदात जिथं एक पट्टी, तिथं याला तीन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी चालवलेल्या. जाड कागद, पण कुठं चीर नाही, कुठं सुरकुती नाही. गुरुजींनी हातात न घेताच डोळे मोजले. दिसणारे सहा होते, म्हणजे मागं सहा.

“कुणासाठी केला होता?”

“सविताच्या पोरीला.”

“सविताला मुलगी आहे?” गुरुजींनी विचारलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

“एकोनीस दिवस हुती,” रंगुबाई म्हणाली. “तिकडंच, कोपीवर. मुकादमाच्या टेम्पोत गेंद धाडला हुता म्या. त्याच टेम्पोत माघारी आला, ह्याच फडक्यात.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. ती गेंद मांडीवर धरून एका जागी बघत होती. टोक तिला सापडलेलं होतं. नख लावायचं राहिलं होतं.

“नाही सोडवला तरी चालेल,” गुरुजी एकदम म्हणाले. स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना नवल वाटलं. “मी नगरला जाऊन सांगतो, चूक माझी आहे म्हणून. बघू काय म्हणतात.”

“आन् ते काय म्हनतील? कागद दावा म्हनतील.” तिनं नख घातलं. “म्या फळीवरून पडले, मला म्हाईत हाय. त्या पोरीला कशाला चढवायची त्या फळीवर!”

गेंद सुटायला बराच वेळ लागला. सागरगोटा ओट्यावर पडून घरंगळत खाटेखाली गेला. तिनं हात थांबवले, गुडघा सांभाळत खाली वाकली, तो काढला आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधला. मग उरलेल्या पट्ट्या सोडवल्या. अठरा.

पातेल्यावर झारा आडवा ठेवून त्यावर तिनं एकेक पट्टी वाफेवर धरली. भाकरीचा पापुद्रा सोडवावा तशी बोटाच्या पेरानं कड उचलली. दोन पदर हळूहळू वेगळे झाले. बाहेरच्या बाजूला वाळवीचे डाग होते. आत, जिथं सत्तर वर्षं ऊन लागलं नव्हतं, तिथं शाई कालची असावी अशी काळी. एका पदरावर नाव आणि जात, दुसऱ्यावर तारखा. कातर रेघेवरून गेली होती, म्हणून दोन्ही पदर एकाच मुलाचे. कागद जाड, म्हणून टोकं खुपसायला तिनं निमुळती केली होती, त्यात नंबर मात्र कापले गेले होते.

पाचव्या पट्टीशी गुरुजी थांबले. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली.

“हाय का?” रंगुबाईनं विचारलं.

“आहे. पालवे यादव भिवा.”

“मंग झालं,” ती म्हणाली आणि उरलेल्या पट्ट्या गोळा करायला हात पुढं केला.

सगळ्यात अवघड ते गुरुजींना आता सांगायचं होतं. नंबर कापले गेले होते, तेव्हा ही ओळ त्याच रजिस्टरातली, हे दाखवायला एकच मार्ग होता. अठराच्या अठरा पट्ट्या ओळीनं लावल्या तर दाखल झाल्याच्या तारखा क्रमानं लागत होत्या, दोनशे बारा आणि दोनशे एकतीसच्या मधे चपखल बसत होत्या. एकटी पट्टी घेऊन गेलं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

“सगळ्याच न्याव्या लागतील, रंगुबाई.”

“समद्याच?”

“अठराच्या अठरा.”

वाफेनं त्या पट्ट्या मऊ पडल्या होत्या. तशाही त्या आता गेंदाच्या कामाच्या राहिल्या नव्हत्या. तिला ते गुरुजींपेक्षा जास्त कळत असणार. तिनं हात मागं घेतला, नुसतं फडकं घडी करून काखेत मारलं.

“न्या,” म्हणाली.

“मी नगरहून जाड कागद आणून देईन. दुसरा विणा.”

ती दुखरा गुडघा धरून उठली आणि ओट्यावरून खाली उतरली.

दाखल्याच्या पडताळणीची सुनावणी नगरला होती, तिच्यासाठी गुरुजींना लेखी जबाब द्यायचा होता. रजिस्टर असं तुकड्या-तुकड्यांत का, ते त्यात यायला हवं होतं. तीन दिवस ते लिहीत होते. पहिल्या कागदावर वाळवी आली, तो फाडला. दुसऱ्यावर छप्पर गळल्याचं लांबलचक वर्णन झालं, तोही फाडला. शेवटी सहा ओळी राहिल्या: पानं चिकटलेली होती, मी सोडवली नाहीत, उतरवून घेतली नाहीत, आणि न तपासता रद्दी म्हणून देऊन टाकली. कुणाला दिली, ते त्यांनी लिहिलं नाही.

नगरला सुनावणी पहिल्या दिवशी झालीच नाही, दुसऱ्या दिवसावर गेली. अजिनाथ आणि गुरुजी त्याच्या मावसभावाकडे राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी काचेवर अठरा पट्ट्या ओळीनं मांडून घेतल्या, तारखा दोनदा जुळवल्या, जबाब वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “या कापल्या कुणी?”

“माझ्यामुळं कापल्या गेल्या,” गुरुजी म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली.

साहेबांनी आणखी दोन कागद मागवले, अर्ज ठेवून घेतला. दाखला मिळाला, पण तो पाच दिवसांनी, मुदत संपायच्या आदल्या दिवशी. ज्ञानेश्वरी आता नगरला आहे. रंगुबाईला हे कळलं नाही. सुनावणी आटोपून गुरुजी त्याच संध्याकाळी एसटीतून उतरले, काखेत ड्रॉइंगच्या जाड कागदाची गुंडाळी होती, आणि थांब्यावरच कुणीतरी सांगितलं की रंगुबाई दुपारी गेली. भाकरी करता करता चुलीपुढंच कलंडली. तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायांना तिच्या पदराच्या गाठीत एक सागरगोटा सापडला. कशाचा ते त्यांना कळेना. गुरुजींना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही. गुंडाळी अजून त्यांच्या खाटेखाली आहे. ती कुणाला द्यावी, हे त्यांना ठरवता आलेलं नाही.

गुरुजी नगरला निघाले त्या सकाळी रंगुबाई थांब्यावर आली होती. अजिनाथ पुढं रस्त्याकडे बघत उभा होता. पट्ट्यांचा लिफाफा गुरुजींच्या छातीशी होता. रंगुबाईनं लिफाफ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिनं गुरुजींच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा ठेवला.

“तिकडं हाटेलात खाऊ नगा. पोट बिघडतंय तुमचं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आठ वर्सं खिचडी वाढली की. कवा खाल्ली आन् कवा न्हाई, ठावं हाय मला.”

एसटीचा आवाज आला.

“आन् कागद आनायचं म्हनला हुता तुमी,” ती म्हणाली. “जाडच बगा. पातळ आनला तर मी न्हाई घेनार.”

“किती आणू?”

“एका गेंदापुरता आना. लई नगं.”

“बरं,” गुरुजी म्हणाले.

“चढा आता. जागा मिळायची न्हाई.”